पितृपक्षात आलेला कॉम्प्युटर

९ सप्टेंबर, मंगळवार

कॉम्प्युटर आज आला. प्रणितदादाने तो दुकानाच्या टेम्पोतूनच आणला, फरशांच्या खोक्यांमध्ये उशा लावून. त्याच्या ओळखीच्या एका माणसाने ऑफिस बंद केलं, त्यातला आहे. जुना आहे, पण चांगला आहे असं दादा म्हणतो. माझी नोकरी सोमवारपासून सुरू होणार आणि स्वतःचा कॉम्प्युटर घरी हवा अशी अट आहे, म्हणून मी घाई केली होती.

हौसाआत्याने तो दारातच अडवला.

"आज काय आहे माहीत आहे ना?"

"मंगळवार," दादा म्हणाला. खोकं त्याच्या हातातच होतं.

"पंधरवडा लागलाय. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू घरात आणतात का?"

"नवी कुठंय आत्ये, सेकंडहँड हाय."

बाबा हसले. आत्या हसली नाही. खोकं दुपारपर्यंत जिन्यात राहिलं. शेवटी बाबाच म्हणाले, "हौसे, जिन्यातनं कोनी उचलून नेला तर पोरीनं काय करायचं?" तेव्हा ते आत आलं, पण एका अटीवर. आत्या सांगेपर्यंत कुणी बटण दाबायचं नाही.

आत्याशी मी वाद घालत नाही. तिसरी संपेपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. फाटकापाशी गेलं की मला रोज उलटी व्हायची. आत्या तेव्हा आपटा गावाकडच्या शाळेत शिकवत होती. पहाटे निघण्याआधी आणि संध्याकाळी परत आल्यावर ती मला घरी शिकवायची. पाढे, नकाशे, शुद्धलेखन आणि ही रोजनिशीसुद्धा तिनेच लावली. तिचे नियम अजून तेच आहेत. खोटं लिहायचं नाही. काही घडलं नसेल तर उगाच पान भरायचं नाही. लिहिलेलं परत वाचायचं.

परत वाचायच्या सवयीमुळेच मला ही नोकरी मिळाली असावी. पुण्याची कंपनी आहे. औषधांच्या खोक्यात जी घडी केलेली माहितीपत्रकं असतात, त्यांची मराठी तपासायची. 'दिवसातून दोनदा'च्या जागी 'दोन दिवसांतून एकदा' पडलं तर माणूस मरू शकतो. मला हे काम जमेल असं वाटतं. वाशीचं ऑफिस मी पहिल्याच आठवड्यात सोडलं होतं. तिथे सगळे चांगले होते, तरी सोडलं. हेही सुटलं तर मला काय जमतं, हे मला सांगता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत मला पारखून बघणार आहेत.


१० सप्टेंबर, बुधवार

आत्याने कॉम्प्युटरची पूजा केली. हळद, कुंकू, फूल. मग दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मला एकटीला बसू दे."

आत्याला कॉम्प्युटर येतो. नोकरीत असताना सगळ्या शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा द्यावी लागली होती. तेव्हा तिच्या केंद्रात तिला सगळ्यांत जास्त मार्क पडले. सर्टिफिकेट अजून तिच्या कपाटावर लावलेलं आहे.

बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. "मुहूर्ताचं बघून घेतलं मी. आता काळजी नाही. हा चांगल्या दिवशी सुरू झालेला कॉम्प्युटर आहे."

"पण आज तर..."

"बघून घेतलं म्हटलं ना."

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तिने गणपतीचा एक छोटा स्टिकर लावला आहे, पोस्टाच्या तिकिटाएवढा. दसऱ्यापर्यंत काढायचा नाही, असं बजावलं आहे. त्याच्या वर घड्याळ दिसतं, त्यामुळे अडचण काही नाही. उलट काम करताना गणपती समोर असतो.

मी आईला विचारलं, "कसं काय बघून घेतलं असेल?"

"तिचं तिला माहीत," आई म्हणाली. "तू जेवून घे."


१५ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. अंघोळ करून, ओढणी घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. कुणी बघणार नव्हतं, पण बरं वाटलं.

कंपनीची साइट उघडेना. लाल त्रिकोण आला आणि खाली लिहिलं होतं की हे कनेक्शन सुरक्षित नाही, कुणीतरी तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असेल. मी ताबडतोब कॉम्प्युटर बंद केला. पंख्याचं बटणही बंद केलं. का, ते सांगता येत नाही.

मग परत चालू केला. रेल्वेची साइट उघडली. विद्यापीठाची उघडली. वर्तमानपत्र उघडलं. कंपनीची उघडली नाही, बँकेची नाही, मेलची तर नाहीच. म्हणजे इंटरनेट आहे. मग काही साइटांनाच काय झालं?

कंपनीच्या दिपिकाला फोन केला. ती माझ्याहून फार मोठी नसावी. बोलताना मागे कुणाशी तरी चहाबद्दल बोलत होती.

"त्या पानावर खाली 'तरीही पुढे जा' असं आलं असेल बघ. ते दाब."

"त्यात लिहिलंय की असुरक्षित आहे."

"हो गं, ते लिहितातच. दाब."

"पण खरंच असुरक्षित असेल तर? औषधांची माहिती आहे."

ती चहाचा घोट घेत म्हणाली, "काय गं पूर्वी, तू आमच्याकडे येण्याआधी बँकेत होतीस का?"

मी नाही म्हटलं. तिने तो विनोद केला होता, हे फोन ठेवल्यावर कळलं. मी बटण दाबलं नाही. तिने आजची दोन पत्रकं माझ्या फोनवर पाठवली. ती मी केबलने कॉम्प्युटरवर घेते, तपासते आणि फोनवरूनच परत पाठवते. पण हे तात्पुरतं आहे असं तिने स्पष्ट सांगितलं. खरं काम साइटवरच करायचं असतं, तिथे कुणी काय बदललं ते दिसतं. महिनाअखेरीला त्याच्यावरच ठरवणार.


१६ सप्टेंबर, मंगळवार

दिपिकाने आज बराच वेळ दिला. दुरून माझा कॉम्प्युटर बघायची सोय असते म्हणे, पण त्या सोयीची साइटसुद्धा उघडेना. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी एकेक सांगत गेले. साठलेली जुनी माहिती पुसली. दुसरा ब्राउझर टाकायला गेले तर त्याचीच साइट बंद. व्हायरस शोधला, सापडला नाही. न सापडल्याने मला जास्त भीती वाटली.

"घड्याळ बरोबर आहे का?"

"हो. भिंतीवरच्यापेक्षा एक मिनिट मागे आहे. लावून घेऊ?"

"नको. तारीख?"

मी तारीख बघायला लागले तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, "सोळा सप्टेंबर. दशमी." तिच्या तोंडात तारखा नेहमी तयार असतात. मी फोनवर सांगितलं, "सोळा सप्टेंबर."

"मग तेही नाही," दिपिका म्हणाली.

आत्या दिवसभर माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ होती. माझ्यासाठी तीन वेळा चहा केला. दोनदा कॉम्प्युटरसमोर उभी राहून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला वाटतं तिने नमस्कार केला. "सगळं नीट करून ठेवलंय," ती मला म्हणाली, "आता याला काय धाड भरली?"


१७ सप्टेंबर, बुधवार

प्रणितदादा दुकान नोकरावर सोडून आला. बाबाही बसले.

"वायर बग आधी," बाबा म्हणाले.

"बाबा, वायर लूज असती तर काहीच उघडलं नसतं."

"तू बग तरी."

दादाने बघितली. वायर घट्ट होती. मग त्याने इंटरनेटचा डबा काढून परत लावला. मग फोनचं नेट जोडून बघितलं. रेल्वे उघडते, कंपनी नाही. शेवटी तो म्हणाला, "पूर्वे, यात भूत हाय. पंधरवड्यात आणलेला ना. कुठल्यातरी खापरपणजोबाला रेल्वेचंच बघायचं असंल, बाकीचं बंद करून ठेवलंय."

मी आणि बाबा हसलो. आत्या भाजी निवडत होती. ती म्हणाली, "पंधरवड्याचं नाव काढू नको. पंधरवड्याचा याला काही संबंध उरलेला नाही. मी बघून घेतलंय." आणि शेंगा तशाच टाकून आत गेली.

दादा म्हणाला, माझ्या दुकानात ये, तिथल्या मशीनवर साइट उघडते. मी त्याला कराराचं पान दाखवलं. काम घरी, स्वतःच्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही असं करायचं, त्याखाली माझी सही आहे.

"कोन बघायला येतंय?"

"कुणी येत नाही म्हणूनच सही घेतात ना."

दादाने आत्याच्या खोलीकडे मान वळवली. "आत्ये, तूच हिला बिघडवलंस."


१८ सप्टेंबर, गुरुवार

आज वर्तमानपत्राची साइटही उघडेना. कालपर्यंत उघडत होती. म्हणजे हे वाढतंय. दिपिकाला सांगितलं नाही. तिला रोज नवी तक्रार सांगायची लाज वाटते.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

चांगली बातमी आहे म्हणून लिहिते. मधुमेहाच्या गोळ्यांच्या पत्रकात 'जेवणानंतर' होतं. मूळ मजकुरात जेवणाआधी आहे. अनुवाद करणाऱ्याचं आणि आधी तपासणाऱ्याचं, दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं. दिपिकाने ते मनिषा मॅडमना दाखवलं. मॅडम सगळ्यांच्या वरच्या आहेत. त्या म्हणाल्या म्हणे, "ही मुलगी ठेवायला हवी. साइट सुरू होते का तेवढं बघा."

आत्याला सांगितलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी सातवीत वृत्तं ओळखायला शिकले होते तेव्हासारखा. मग म्हणाली, "बघ, चांगल्या दिवशी सुरू केलं की असं होतं."


२० सप्टेंबर, शनिवार

आज घडलं ते सगळं लिहिते.

दुपारी दिपिकाचा फोन आला. मागे चहाची बोलणी नव्हती. ती म्हणाली, "पूर्वी, तू पाठवलेल्या फायली आमच्याकडे नोंद करताना आत तारीख दिसली. मेची आहे. सगळ्यांवर. पाच मे, सहा मे, नऊ मे."

"मग?" मी विचारलं.

"तुला हे काम आम्ही सोमवारी दिलं. ही पत्रकं कंपनीकडेच ऑगस्टमध्ये आली. मेमध्ये तुझ्याकडे कशी असतील?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मनिषा मॅडम विचारतायत की दुसरं कुणी हे काम आधी केलेलं होतं का आणि तू तेच पाठवतेयस का. मला तसं वाटत नाही. पण साइटवर काम केलं असतंस तर मी दाखवू शकले असते. आता माझ्याकडे दाखवायला काही नाही. सोमवारी मॅडम स्वतः फोन करतील. काय झालं ते नीट विचार करून ठेव."

मी आयुष्यात कुणाची वही बघून लिहिलं नाही. परीक्षेत पेन्सिल खाली पडली तर उचलायला वाकत नसे, सरांना भलतंच वाटेल म्हणून. आणि आता हे. मला फाटकापाशी यायची तशी उलटी आली. मोरीत जाऊन बसले.

आई-बाबांना संध्याकाळी सांगितलं. आत्या ताटावर बसलेली होती. मी म्हटलं, "माझ्या सगळ्या फायलींवर मेची तारीख आहे, आणि मॅडमना वाटतंय मी कुणाचं तरी काम चोरून पाठवलं."

आत्याने हातातला घास ताटात ठेवला. "मेची?"

"हो. पाच मे, सहा मे."

"तीस एप्रिलपासून मोज," ती म्हणाली. मला आधी कळलं नाही ती कुणाशी बोलतेय. "दहा तारखेला तीस एप्रिल. सोळाला सहा मे."

मग ती उठली, हात धुतले आणि कॉम्प्युटरपाशी गेली. गणपतीच्या स्टिकरला हात लावून कपाळाला लावला आणि नखाने तो हळूच सोडवला. त्याच्या खाली तारीख होती. दहा मे.

तिने सांगितलं ते लिहून ठेवते. पंधरवड्यात सुरू केलेलं काम टिकत नाही अशी तिला भीती होती. त्यात हे माझं काम. म्हणून त्या बुधवारी तिने कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन अक्षय्य तृतीयेवर ठेवली, इंटरनेटवरून आपोआप खरी तारीख लावून घ्यायची सोय बंद केली आणि मग पूजा करून तो सुरू केला. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने तो साडेतीन मुहूर्तांतल्या एका मुहूर्तावर सुरू झाला. दसऱ्याला ती तारीख परत जागेवर आणणार होती. मी बघून गोंधळू नये म्हणून वर गणपती.

"तारखेनं साइट बंद होतात हे मला कुणी शिकवलं नाही गं," ती म्हणाली. "परीक्षेत नव्हतं ते."

मी रागावले होते का, ते माझं मला कळत नाही. तिचं ताट तसंच राहिलं.


२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. घरात सकाळपासून वडे, खीर आणि काळ्या वाटाण्याची आमटी.

मी तारीख बदलायला बसले तेव्हा आत्या म्हणाली, "ऊठ. मी करते."

"आज नको करूस," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं. तिच्या दृष्टीने याहून वाईट दिवस वर्षात नाही. आज तारीख खरी केली की कॉम्प्युटर अमावास्येला, पितरांच्या शेवटच्या दिवशी सुरू झाला असंच होणार. "उद्या घट. उद्या करू. एका दिवसाने काय होतंय."

"उद्या सकाळी बाईंचा फोन यायच्या आधी साइट चालू पायजे तुला," ती म्हणाली. ती घरातली भाषा फक्त मनातलं बोलताना बोलते. "ऊठ बाय."

ती खुर्चीत बसली. चष्मा लावला. एक बोट वापरून, शाळेत मुलं वाचतात तसं प्रत्येक अक्षर वाचत, तिने तारीख बदलली. सप्टेंबर. एकवीस. ठीक आहे. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मी मागून हात घालून कंपनीची साइट उघडली. उघडली. बँकेची उघडली. मेल उघडली आणि त्यात माझ्यासाठी न वाचलेल्या पत्रांची रांग होती. वर्तमानपत्रही आलं. कुठेही लाल त्रिकोण नव्हता. प्रत्येक साइटच्या सुरक्षिततेच्या दाखल्यावर तारीख असते म्हणे, आणि मेनंतर दाखला नवा केलेल्या साइटाच माझ्या कॉम्प्युटरला खोट्या वाटत होत्या.

दादाने आतून ओरडून विचारलं, "खापरपणजोबा गेले काय?"

आत्या उठली. आम्ही पान घेऊन गच्चीवर गेलो. बाबांनी ते कठड्यावर ठेवलं आणि सगळे मागे सरकलो. आत्या माझ्या शेजारी उभी होती. मी विचारलं, "तुला भीती वाटतेय?"

ती हायवेकडे बघत होती. कोन गावाकडे जाणाऱ्या गाड्या दिसत होत्या. कोनला आमचं जुनं घर होतं, आजोबांचं, तिथं आता गोदाम आहे.

"माझा बाप हाय त्यांच्यात," ती म्हणाली. "माझी आय हाय. मला शाळंत घालायला तो सगळ्या भावकीशी भांडला होता. तो आता खाली येऊन माझ्या पोरीच्या नोकरीचं वायट करंल?"

मी म्हटलं, नाही करणार.

"मलापन तसंच वाटतं," ती म्हणाली. "एवढी वर्षं इचारच केला नव्हता."


२२ सप्टेंबर, सोमवार

मनिषा मॅडमचा फोन नाश्त्याच्या वेळी आला. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. कॉम्प्युटरची तारीख चुकली होती, हे खरं आहे आणि पुरेसंही आहे. आत्याचं नाव घ्यायची गरज नाही. ती काही कंपनीची नोकर नाही. एका हुशार शिक्षिकेला कुणी परक्याने हसावं असं मला नको होतं.

मॅडमचा आवाज शांत आहे. मी सांगितलं तेवढं त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "जुनं मशीन आहे ना. आतली बॅटरी गेली असेल. तारीख मागे जाते त्याने. बॅटरी गेली होती असं लिहून पाठव, मी पुढे देते आणि विषय संपवते."

इतकं सोपं होतं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू येत होतं. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण.

आत्या. जिने मला खोटं लिहायचं नाही म्हणून एकदा पूर्ण पान परत लिहायला लावलं होतं.

मी म्हटलं, "बॅटरी गेली नव्हती मॅडम. बॅटरी चांगली आहे. घरच्यांनी मुहूर्तासाठी तारीख मागे नेली होती."

मग आत्या आली आणि तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"घरच्यांनी नाही. मी. मी हौसा, हिची आत्या. निवृत्त शिक्षिका आहे. पोरीला काहीच माहीत नव्हतं, तिला काही विचारायचं असेल तर मला विचारा."

मॅडमनी खरंच विचारलं. आत्याने सगळं सांगितलं, वर्गात धडा सांगतात तसं, पंधरवडा, तृतीया, स्टिकर, फायली. मी शेजारी उभी राहून तिचा पदर धरला होता. हे मला नंतर कळलं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "बाई, एक विचारू? मागेच का नेलीत? दसरा जवळ होता. पुढे नेऊन दसऱ्यावर ठेवायची होती."

"पुढं कशी नेणार?" आत्या म्हणाली. "तृतीया होऊन गेलेली होती, ती खरी होती. दसरा अजून आलाच नव्हता. न आलेला दिवस दाखवला तर ते खोटं झालं असतं."

मग मॅडमनी एवढंच म्हटलं, "पूर्वीला सांगा, हेच लेखी पाठव म्हणून. असंच्या असं. काही गाळू नको."

त्या रागावल्या होत्या की नाही, ते आवाजावरून मला कळलं नाही. मी लिहिलं, परत वाचलं आणि पाठवलं. साइटवर आजची पत्रकं आली होती, ती केली. ही शेवटची असतील तर नीट व्हावीत, म्हणून जास्त वेळ घेतला.


२४ सप्टेंबर, बुधवार

कंपनीकडून काही नाही. काम येतं, मी करते.

आत्या गप्प आहे. आईने विचारलं, नवी कढई कधी आणू, तर म्हणाली, "आण की कधीही." एरवी ती वार सांगते. तब्येत बरी नसावी. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नाही.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

दिपिकाचा फोन आला. चहाची बोलणी परत मागे चालू होती, त्यावरूनच मला अर्धं कळलं.

"ठेवलंय तुला," ती म्हणाली. "मॅडमनी तुझं पत्र सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. हसायला नाही हं, म्हणजे हसलो आम्ही, पण त्या म्हणाल्या की असलं कारण कुणालाही बनवता येणार नाही, आणि बॅटरी हातात दिलेली असताना जी मुलगी नको म्हणते तिच्याकडे औषधांची पत्रकं द्यायला मला भीती नाही."

मी आभार मानले. बहुतेक दोनदा मानले.

"पण एक आहे. सोमवारी पुण्याला यावं लागेल. सह्या करायच्या आहेत आणि एक दिवस ऑफिसात बसून काम बघायचं. राहायची सोय माझ्याकडे आहे. येशील ना?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. अनोळखी ऑफिस, अनोळखी माणसं, फाटक. वाशीसारखं होईल. पण दिपिकाला भेटावंसंही वाटत होतं. ती कशी दिसते ते मला बघायचं होतं. मॅडमनाही.

घरात सांगितलं. बाबांनी पेढे आणले. दादा म्हणाला, "पुण्याच्या मशीनची तारीख बदलून येऊ नको म्हणजे झालं." आत्याने त्याला लाटणं दाखवलं, बऱ्याच दिवसांनी.

रात्रीची भांडी झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला निघायचं की नाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ती सांगेल ते मी करणार होते, चांगला दिवस नसेल तर दिपिकाला मंगळवार विचारला असता.

"आत्या, सोमवार कसा आहे? जाऊ का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला जावंसं वाटतंय का?"

मी विचार करून खरं ते सांगितलं. "भीती वाटतेय. पण वाटतंय."

"मग चांगला आहे," ती म्हणाली.

पंचांग उघडून बघितलंसुद्धा नाही तिने. एवढ्या वर्षांत तिला सगळं पाठच झालं असणार. मला बरं वाटलं. सकाळी दादाला सांगून एसटीचं तिकीट काढते.